चिठ्ठीशिवायचा दवाखाना

आमच्या गल्लीच्या तोंडाशी इस्त्रीची टपरी चालवणारे काका दोन वर्षांपूर्वी ओल्या फरशीवर घसरले आणि खुब्याचं हाड मोडून बसले. जवळच्या एका धर्मादाय रुग्णालयात त्यांना नेलं. अशा रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि आणखी १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्यायच्या, अशी मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये लागू केलेली योजना आहे. काकांकडे तहसीलदाराचा दाखला होता, रेशनकार्ड होतं. काउंटरवरून उत्तर आलं, “योजनेतली खाट शिल्लक नाही.”

मग सगळे करतात तेच मी केलं. आमदारांच्या संपर्क कार्यालयात गेलो. पीएने नाव, वय, आजार विचारला आणि लेटरहेडवर चार ओळी छापून दिल्या. सदर रुग्ण गरीब व गरजू असून त्यास योग्य ते सहकार्य व्हावे, खाली सही, शिक्का. दुपारी अडीचला मी ती चिठ्ठी रुग्णालयात दिली आणि साडेचारला खाट निघाली. ती सकाळपासून तिथेच असणार, दुसरीकडून येणार कुठून? ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी कार्यालयातली दोन मुलं आली, काकांच्या हातात फळांची करंडी दिली आणि फोटो काढून गेली. संध्याकाळपर्यंत तो फोटो वॉर्डातल्या सगळ्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर फिरला.

या चिठ्ठीबद्दल मला राग नाही, असं म्हणणं खोटं ठरेल. पण राग कुणावर काढायचा हेही नीट कळत नाही. आमदारांनी मदतच केली. पीए सौजन्याने वागला. रुग्णालयातल्या सोशल वर्कर मॅडमही नंतर आपुलकीने बोलल्या. सगळे चांगले वागले आणि तरी जे घडलं ते वाईटच होतं. हे कोडं उलगडताना मला ज्या माणसाचा सर्वात जास्त उपयोग झाला तो महाराष्ट्रातला नाही, भारतातलाही नाही. कॅनडाच्या सस्कॅचेवान प्रांतातल्या एका गहू पिकवणाऱ्या गावात तो पाद्री होता. आपल्याकडचे प्रोटेस्टंट ख्रिस्ती लोक ज्याला ‘पाळक’ म्हणतात, तो. नाव टॉमी डग्लस. इंग्रजीत पाद्र्यालाही मिनिस्टर म्हणतात आणि मंत्र्यालाही. हा माणूस आधी पहिल्या अर्थाने मिनिस्टर झाला, मग दुसऱ्या.

त्याची गोष्ट सुरू होते तीही एका चिठ्ठीपासून. कागदी नव्हती, एवढंच.

१९०४ मध्ये स्कॉटलंडमधल्या फाल्कर्कला जन्मलेला हा मुलगा. बाप लोखंडाच्या ओतशाळेत कामाला. लहानपणी पडून गुडघ्याला लागलं, जखम हाडापर्यंत चिघळली. पुढे कुटुंब विनिपेगला आलं, पण दुखणं काही सुटलं नाही. तिथल्या इस्पितळात तो धर्मादाय वॉर्डात पडून होता आणि डॉक्टरांनी आईबापांना सांगितलं होतं की पाय कापावा लागेल. तज्ज्ञाला दाखवायचं तर पैसे नव्हते. तेवढ्यात हाडांचे एक नावाजलेले शल्यविशारद, डॉ. स्मिथ, विद्यार्थ्यांना घेऊन वॉर्डातून फिरत होते. त्यांना या गुडघ्यात रस वाटला. विद्यार्थ्यांना शस्त्रक्रिया पाहू देत असाल तर मी फुकट करतो, असं ते म्हणाले. आईबाप हो म्हणाले आणि पाय वाचला. इतका वाचला की १९२२ मध्ये हाच मुलगा लाइटवेट गटात मॅनिटोबा प्रांताचा मुष्टियुद्ध विजेता झाला आणि पुढच्या वर्षी त्याने ते पद राखलंही.

आता ही गोष्ट आपण मराठीत सांगितली असती तर कशी सांगितली असती? ‘देवमाणूस डॉक्टर’ या मथळ्याखाली. दिवाळी अंकात तीन पानं, वाचून दोन अश्रू, आणि शेवटी असे डॉक्टर आता राहिले नाहीत अशी हळहळ. डग्लसनेही स्मिथांचे आभार आयुष्यभर मानले. पण त्याच गोष्टीतून त्याने काढलेला निष्कर्ष वेगळा होता आणि तो तो शेकडो सभांतून सांगत राहिला. मी श्रीमंताचा मुलगा असतो तर पहिल्याच दिवशी उत्तम डॉक्टर मिळाला असता, ओतशाळेतल्या कामगाराचा मुलगा होतो म्हणून पाय जाणार होता, आणि तो वाचला तो केवळ योगायोगाने. मुलाचा पाय राहणार की जाणार हे डॉक्टर त्या दिवशी कोणत्या वॉर्डातून फिरतात यावर ठरू नये, एवढंच त्याचं म्हणणं. उपकार विसरायचा नाही, पण उपकारावर जगायची पाळी पुढच्या मुलावर येऊ द्यायची नाही. या दोन गोष्टी एकाच मनात ठेवणं अवघड असतं. आपल्याकडे पहिली एवढी मोठी होते की दुसरी सुचतच नाही.

तरुणपणी तो छापखान्यात लायनोटाइपवर काम करत होता. १९१९ मध्ये विनिपेगच्या सार्वत्रिक संपात घोडेस्वार पोलिसांनी जमावावर गोळ्या चालवल्या, ते त्याने चौदाव्या वर्षी एका छपरावरून पाहिलं. मग ब्रँडन कॉलेजात धर्मशास्त्राचं शिक्षण. तिथे ‘सोशल गॉस्पेल’ नावाच्या विचाराचं वारं होतं. माणसाच्या आत्म्याची काळजी करायची तर त्याच्या पोटाची, घराची आणि मजुरीची काळजीही धर्माच्याच कक्षेत येते, असा तो विचार. १९३० मध्ये तो वेबर्न गावच्या कॅल्व्हरी बॅप्टिस्ट चर्चचा पाळक झाला. आणि त्याच सुमारास दुष्काळ आला.

सस्कॅचेवानचा तो दुष्काळ आपल्या १९७२ च्या दुष्काळाइतकाच तिथल्या लोकांच्या बोलण्यात रुतून बसला आहे. गव्हाचे भाव कोसळले, पाऊस गेला, वाऱ्याने शेतातली माती उचलून घरांत भरली. पूर्वेकडच्या प्रांतांतून मदतीचे रेल्वेडबे येत. त्यातून खारवलेला सुका कॉड मासाही आला. ज्यांनी जन्मात समुद्र पाहिला नाही त्या शेतकऱ्यांना हे लाकडासारखं कडक प्रकरण भिजत घालायचं की उकडायचं हेच कळेना. (आमच्या कोकणातली एखादी आजी तिथे असती तर तिने सुकटीच्या हिशेबाने निभावून नेलं असतं.) मदत देणाऱ्याच्या घरात जे शिल्लक असतं ते येतं. घेणाऱ्याला काय लागतं हे विचारायची पद्धत दानात नसते.

पाळक या नात्याने डग्लसचं काम ही मदत वाटायचं. कपडे, कोळसा, भाजीपाला. १९३१ मध्ये जवळच्या एस्तेवानला कोळसा खाणकामगारांच्या मोर्च्यावर पोलिसांनी गोळीबार केला, तीन कामगार मेले. संपकऱ्यांच्या घरी तो अन्न घेऊन गेला होता. आणि पाळकाचं दुसरं काम, अंत्यविधी. ग्रिफिनला एक आणि पँगमनला एक, तिशीतले दोन तरुण बाप त्याने पुरले, हे तो पुढे सांगत असे. वेळेवर डॉक्टर मिळाला नाही, मिळाला असता तरी द्यायला पैसे नव्हते, म्हणून गेलेले.

राजकारणात येण्याचं कारण मात्र एवढं भारदस्त नव्हतं. १९३४ ची प्रांतिक निवडणूक तो फार्मर-लेबर पक्षाच्या तिकिटावर लढला आणि आपटला. हाच पक्ष पुढे को-ऑपरेटिव्ह कॉमनवेल्थ फेडरेशन, म्हणजे सीसीएफ, या नावाने ओळखला जाऊ लागला. १९३५ च्या संसदीय निवडणुकीला उभं राहावं की नाही या विचारात असताना चर्चचे एक वरिष्ठ आले आणि म्हणाले, उभा राहिलास तर कॅनडात तुला पुन्हा चर्च मिळणार नाही. मुष्टियोद्ध्याला धमकी द्यायची नसते. तो उभा राहिला आणि निवडून आला.

इथपर्यंतचं चरित्र गोड आहे. पण याच काळातला एक कागद असा आहे की तो वगळून डग्लसबद्दल लिहिणाऱ्यावर मी विश्वास ठेवत नाही. १९३३ मध्ये त्याने मॅकमास्टर विद्यापीठाला एम.ए.चा प्रबंध सादर केला. विषय होता ‘कनिष्ठ प्रतीच्या’ कुटुंबांचे प्रश्न. वेबर्नमधल्या काही गरीब, व्यसनी, सरकारी मदतीवर जगणाऱ्या बायका आणि त्यांची मुलंबाळं तपासून या तरुण पाळकाने उपाय सुचवले. लग्नाआधी वैद्यकीय दाखला, अशा लोकांना सरकारी शेतांवर वेगळं ठेवणं, आणि काहींची नसबंदी. त्या काळी ही कल्पना उदारमतवाद्यांतही सर्रास होती, शेजारच्या अल्बर्टात १९२८ पासून तसा कायदाच होता, हे खरं. तरी वाचताना अंगावर काटा येतो. ज्याचा पाय धर्मादाय वॉर्डात वाचला, तोच आता वॉर्डातल्या लोकांची लायकी तपासत होता.

मला यात विसंगती वाटत नाही, आणि इथेच माझा मुख्य मुद्दा आहे. दान देणाऱ्याला निवड करावी लागते. कुणाला द्यायचं, कुणाला नाही. चार घरी मदत पोचवणारा माणूस कितीही सज्जन असो, पाचव्या घरासमोर तो थांबतो आणि विचार करतो, हे लोक दारू पितात, यांना दिलेलं वायाच जाणार. तिथून ‘पात्र’ आणि ‘अपात्र’ हे शब्द जन्माला येतात. पात्रतेचा विचार ताणत नेला तर एका टोकाला उत्पन्नाचा दाखला आणि पिवळं-केशरी रेशनकार्ड असतं, दुसऱ्या टोकाला तो प्रबंध. चिठ्ठीतल्या ‘गरीब व गरजू’ या दोन शब्दांतही तोच तराजू आहे. ते शब्द टाईप होईपर्यंत काका आमदारांच्या पीएसमोर स्वतःचं दारिद्र्य सिद्ध करत होते. माझ्यासमोरही. मी मान फिरवून भिंतीवरचं कॅलेंडर पाहत राहिलो होतो.

डग्लस त्या प्रबंधापासून दूर गेला, तो कसा हे त्याने फारसं बोलून दाखवलं नाही. १९३६ मध्ये तो नाझी जर्मनी पाहून आला होता. पुढे प्रांताचा मुख्यमंत्री आणि आरोग्यमंत्री असताना नसबंदीच्या शिफारशी त्याच्या टेबलावर आल्या तेव्हा त्याने त्या बाजूला सारल्या आणि मनोरुग्णांच्या उपचारांवर, कामकाज-शिक्षणावर पैसे घातले. जाहीर माफी मागितली असती तर बरं झालं असतं असं मला वाटतं. पण राजकारण्याच्या कृतीने आधीचं लिखाण खोडलं, हेही काही थोडं नाही. आपल्याकडे नेमकं उलटं असतं, लिखाण चोख आणि कृतीने ते खोडलेलं.

जून १९४४ मध्ये सीसीएफने सस्कॅचेवानात ५२ पैकी ४७ जागा जिंकल्या. उत्तर अमेरिकेतलं पहिलं समाजवादी सरकार. प्रांताची लोकसंख्या नऊ लाखांच्या आसपास, म्हणजे आपल्या एखाद्या लहान जिल्ह्याएवढी. तिजोरी रिकामी, डोक्यावर कर्जाचा डोंगर. डग्लसने आरोग्य खातं स्वतःकडे ठेवलं. १ जानेवारी १९४५ पासून निवृत्तिवेतनावरचे वृद्ध, विधवा, त्यांची मुलं यांना उपचाराचं कार्ड मिळालं. १९४६ मध्ये स्विफ्ट करंट भागात डॉक्टरांच्या सेवेचा सामूहिक विमा प्रयोग म्हणून सुरू झाला. आणि १ जानेवारी १९४७ पासून प्रांतातल्या प्रत्येकासाठी इस्पितळाच्या खर्चाचा विमा. हप्ता माणशी वर्षाला ५ डॉलर, कुटुंबाला जास्तीत जास्त ३० डॉलर. बाकीचं करांतून.

हा हप्ता मला फार महत्त्वाचा वाटतो. श्रीमंत शेतकरी आणि त्याच्याकडचा सालगडी, दोघांनी तोच ५ डॉलर भरायचा. तसा हा काही न्याय्य कर नाही. अर्थशास्त्रज्ञ सांगतील की गरिबावर बोजा जास्त पडला. पण ५ डॉलर भरणारा माणूस इस्पितळात गेला की त्याला कुणाला नमस्कार करावा लागत नव्हता. तो तिथे आपल्याच पैशांनी आला होता. दाखला विचारायचं कारण उरलं नाही, कारण शेजारच्या खाटेवर बँकेचा मॅनेजर होता. सार्वत्रिक योजनेवर नेहमी आक्षेप घेतात की श्रीमंतांना फुकट कशाला द्यायचं? श्रीमंताला वगळलं की गरिबाला ओळखपत्र दाखवावं लागतं, म्हणून. शिवाय मॅनेजर ज्या खाटेवर झोपतो तिच्या चादरी बदलल्या जातात.

सगळं डग्लसच्या डोक्यातून निघालं असंही नाही. तिथल्या शेतकऱ्यांनी पहिल्या महायुद्धाच्या काळातच गावोगाव वर्गणी काढून, कर बसवून पगारी डॉक्टर नेमायला सुरुवात केली होती. गहू विकायला सहकारी संघ होते, तसा डॉक्टरही सहकारी. सहकार ऐकल्यावर मराठी माणसाचे कान टवकारतात, कारण तोही वारसा आपला आहे. आपल्या सहकारातून साखर निघाली, दूध निघालं, आणि सहकारमहर्षींच्या पुढच्या पिढीत शिक्षणसम्राट आणि त्यांची डोनेशनवाली मेडिकल कॉलेजं निघाली. उसाच्या टनामागे कापून घेतलेल्या पैशातून तालुक्याचा दवाखाना सर्वांसाठी चालवावा, हे कुणाला का सुचलं नसेल? सुचलं असेलही. पण दवाखाना सर्वांचा झाला की चेअरमनच्या चिठ्ठीला किंमत राहत नाही.

डग्लसचे सगळेच प्रयोग जमले नाहीत. सरकारी बूट कारखाना, लोकरीची गिरणी, खोक्यांचा कारखाना, तिन्ही बुडाले आणि त्याने ते फार न रेंगाळता बंद केले. वीज मंडळ, बससेवा, विमा कंपनी टिकली. या माणसाला कर्जाचा तिटकारा होता. सावकाराला व्याज देण्यात गेलेला पैसा दवाखान्याला मिळत नाही, हे त्याचं साधं गणित, आणि त्याच्या अर्थमंत्र्याने, क्लॅरेन्स फाइन्सने, सतत शिलकी अंदाजपत्रकं मांडली. म्हणून डॉक्टरांच्या फीचा विमा, ज्याचं वचन १९४४ पासून होतं, तो त्याने पंधरा वर्षं लांबवला. केंद्र सरकार इस्पितळाच्या खर्चाचा वाटा उचलू लागल्यावर, १९५९ च्या डिसेंबरात, त्याने घोषणा केली. पंधरा वर्षं! निवडणुकीच्या तोंडावर योजना जाहीर करून पैसे कुठून आणायचे ते नंतर पाहू म्हणणाऱ्या आपल्या सरकारांपुढे हा पाळक अगदीच वाण्याच्या दुकानातला मुनीम वाटतो. पण त्या मुनीमगिरीमुळेच योजना पहिल्या वर्षी कोसळली नाही.

आता डॉक्टरांचा संप. या फीच्या विम्याचा कायदा १९६१ च्या नोव्हेंबरात झाला, अंमल १ जुलै १९६२ पासून. त्या दिवशी प्रांतातल्या बहुतेक डॉक्टरांनी दवाखाने बंद केले. ‘आमचे डॉक्टर वाचवा’ म्हणणाऱ्या समित्या निघाल्या, त्यांत तान्ह्या मुलांच्या आया पुढे होत्या. कम्युनिझम येतोय, परदेशी डॉक्टर येतील, सरकार तुमच्या आजाराच्या फायली वाचेल, असा प्रचार झाला. सरकारने ब्रिटनहून डॉक्टर आणले, लोकांनी स्वतःचे सामुदायिक दवाखाने उभे केले. ११ जुलैला रिजायनाच्या विधानभवनासमोर विरोधकांचा जो प्रचंड मेळावा व्हायचा होता, त्याला अपेक्षेच्या मानाने अगदी थोडी माणसं आली. २३ जुलैला तडजोड झाली. योजना राहिली, डॉक्टर मात्र पगारी नोकर झाले नाहीत, दर तपासणीमागे फी घेत राहिले. कॅनडात आजही तोच सांगाडा आहे.

राजस्थानने मार्च २०२३ मध्ये आरोग्यहक्काचा कायदा केला तेव्हा खासगी डॉक्टर रस्त्यावर उतरले. तीच भाषा. एप्रिलच्या सुरुवातीला समझोता झाला आणि सरकारी सवलतीत जागा-इमारत न घेतलेली खासगी रुग्णालयं कायद्याच्या बाहेर राहिली. सस्कॅचेवानच्या सरकारनेही माघार घेतली होती, पण ती डॉक्टरांना पैसे कसे द्यायचे या मुद्द्यावर. योजनेत कोण येणार, या मुद्द्यावर नव्हे. तिथे सरकारने आधी पंधरा वर्षं इस्पितळाचं बिल भरून दाखवलं होतं. लोकांना सरकारी शब्दाचा अनुभव होता. राजस्थानातल्या डॉक्टरांची मुख्य भीती ‘सरकार पैसे बुडवेल’ ही होती, आणि आपल्याकडे सरकारी योजनांची बिलं कशी अडकतात हे ज्याने पाहिलंय तो त्या भीतीला हसणार नाही.

संपाच्या वेळी डग्लस मुख्यमंत्री नव्हता. १९६१ मध्ये नव्या न्यू डेमोक्रॅटिक पार्टीचा पहिला राष्ट्रीय नेता म्हणून तो दिल्लीला, आपलं, ओटावाला निघाला होता आणि संप झेलला तो त्याच्यानंतरच्या वुड्रो लॉइडने. संपाच्या दोन आठवडे आधी, १८ जून १९६२ ला, संसदेची निवडणूक झाली. डग्लस रिजायनातून उभा होता. सतरा वर्षं ज्या शहरातून त्याने प्रांत चालवला त्या शहराने त्याला पाडलं.

मी या ठिकाणी येऊन दर वेळी थांबतो. कारण उरलेली गोष्टही अशीच आहे. योजना देशभर नेली ती पीअर्सन यांच्या लिबरल सरकारने, १९६६ च्या कायद्याने, आणि शिफारस केली होती ती कॉन्झर्व्हेटिव्ह सरकारने नेमलेल्या न्यायमूर्ती एमेट हॉल यांच्या आयोगाने. डग्लसच्या पक्षाला देशात सत्ता कधीच मिळाली नाही. १९७० मध्ये क्वेबेकमधल्या अपहरणांनंतर आणीबाणीसारखे अधिकार वापरायला त्याने संसदेत विरोध केला, तेव्हा तर देश त्याच्या विरुद्ध होता. २००४ मध्ये टीव्हीवरच्या मतदानात लोकांनी त्याला ‘सर्वश्रेष्ठ कॅनेडियन’ निवडलं, तेव्हा त्याला जाऊन अठरा वर्षं झाली होती. आणि २०२५ च्या निवडणुकीत त्याच्या पक्षाला ७ जागा मिळाल्या. त्याआधीच्या तीन वर्षांत याच पक्षाने अल्पमतातल्या सरकारला टेकू देऊन दातांच्या उपचारांची योजना आणि औषधांच्या योजनेची सुरुवात पदरात पाडून घेतली होती. लोकांनी दात करून घेतले आणि मतं दुसरीकडे दिली.

आपल्याकडचं उदाहरण लहान आहे पण मला ते याहून बोलकं वाटतं. मधु दंडवते १९७७ मध्ये रेल्वेमंत्री झाले, तोवर दुसऱ्या वर्गाच्या स्लीपरला नुसत्या लाकडी फळ्या होत्या. त्यांनी त्यावर दोन इंच फोम घातला. त्यासाठी दाखला लागला नाही, कुणाची शिफारस लागली नाही, तिकीट काढलं की फोम मिळाला. आज कोकणकन्येत आडवा होणाऱ्या कितीजणांना हे माहीत आहे? कोकणाने दंडवत्यांना राजापुरातून पाच वेळा निवडून दिलं आणि १९९१ मध्ये घरी बसवलं. फोम राहिला.

हक्क दिला की आभार मिळत नाहीत, कारण हक्काचे आभार मानायचेच नसतात. म्हणून राजकारण्याला चिठ्ठी परवडते. हजार जणांना दवाखाना मिळवून देणाऱ्यापेक्षा दहा जणांना चिठ्ठी देणाऱ्याला मतं जास्त पडतात, कारण ते दहा जण त्याला चेहऱ्याने ओळखतात. यात लबाडी असेलच असं नाही, हा धंद्याचाच नियम आहे. आणि म्हणून डग्लसचं पाळक असणं महत्त्वाचं ठरतं. पाळकाकडे उपकाराचं भांडवल मंत्र्यापेक्षा जास्त असतं. त्याने कपडे वाटलेले, कोळसा पोचवलेला, घरातलं माणूस पुरलेलं. या सगळ्याच्या जोरावर तो जन्मभर निवडून येऊ शकला असता. ते भांडवल त्याने स्वतःच्या हाताने मोडीत काढलं. धर्म आणि राजकारण वेगळं ठेवा, हे वाक्य आपण इतकं घोकलंय की धार्मिक माणूस राजकारणात दिसला की पुरोगाम्याला घाम फुटतो. कारणं उघड आहेत, ती इथे उगाळत नाही. पण डग्लसने चर्चमधून मतांचे गठ्ठे आणले नाहीत. त्याने आणली ती एक टोचणी आणि एक हिशेबाची वही. टोचणी आपल्या संतपरंपरेत भरपूर आहे. गाडगेबाबांच्या नावाने दादरला धर्मशाळा चालते, कर्करोगाच्या उपचारांसाठी लांबून आलेली माणसं तिथे राहतात. इतकी करुणा असलेली परंपरा जगात फार थोड्या ठिकाणी असेल. ती दवाखान्याच्या दारापर्यंत आली. बिलाच्या खिडकीपर्यंत तिला कुणी नेलं नाही, कारण खिडकीपाशी वही लागते आणि वही म्हटलं की आपल्याला ते काम संताचं वाटत नाही.

कॅनडाचं कौतुक फार करू नये, हे मला माहीत आहे. आमच्या नात्यातला एक मुलगा ब्रॅम्प्टनला असतो. तिथे स्पेशालिस्टची तारीख कित्येक महिन्यांनी मिळते म्हणून तो वैतागलेला असतो, आणि दात मात्र पुण्याला येऊन करून घेतो, तिकिटाचे पैसे धरूनही स्वस्त पडतं म्हणे. डग्लसनेच म्हातारपणी सांगितलं होतं की पैशाची भिंत पाडणं हा पहिला टप्पा, सेवा देण्याची पद्धत बदलणं हा दुसरा आणि जास्त अवघड टप्पा. तो राहूनच गेला. पण त्या मुलाला मी विचारलं की आईला तिकडे एकदा दवाखान्यात ठेवलं होतं तेव्हा कुणाला फोन करावा लागला, तर त्याला प्रश्नच कळला नाही. “फोन कशाला?” म्हणाला. “ॲम्ब्युलन्सला केला ना.”

आपल्याकडे महात्मा फुले जनआरोग्य योजना आता सर्व रेशनकार्डधारकांना, पाच लाखांपर्यंत, लागू झाली आहे. पांढऱ्या कार्डालासुद्धा. ही गोष्ट लहान नाही आणि तिचं श्रेय द्यायला हवं. तरी परवा एका नगरसेवकाच्या कार्यालयाबाहेर फ्लेक्स पाहिला, ‘योजनेचा लाभ मिळवून देण्यासाठी संपर्क साधा’, खाली तीन मोबाइल नंबर. जे आपोआप मिळायला हवं ते मिळवून देण्याचं दुकान लगेच उघडलं. धर्मादाय रुग्णालयांतल्या राखीव खाटांचा रोजचा आकडा दारावर मोठ्या अक्षरांत लावायचा नियम कडकपणे पाळला गेला तर निम्म्या चिठ्ठ्या उद्या बंद होतील. त्याला पैसा लागत नाही, कायदाही नवा लागत नाही. पण हे मागायला आमदार का जाईल? आणि आपण तरी मागितलंय का? त्या दिवशी दुपारी अडीचला माझ्यासमोर दोन रस्ते होते, धर्मादाय आयुक्तांकडे तक्रार किंवा आमदारांची चिठ्ठी. काका स्ट्रेचरवर कण्हत होते. मी कोणता धरला ते वर लिहिलंच आहे.

काका आता काठी घेऊन चालतात, टपरीवर पुन्हा बसतात. गेल्या विधानसभेला मतदानाच्या आदल्या दिवशी शर्ट आणायला गेलो होतो तेव्हा विषय निघाला. मी जरा हिशेब मांडायचा प्रयत्न केला, की काका, ती खाट कायद्याने तुमचीच होती. त्यांनी इस्त्री बाजूला ठेवली, फळीखालच्या पत्र्याच्या डब्यातून प्लॅस्टिकची पिशवी काढली. रेशनकार्ड, आधार, आणि घडीवर घडी पडून मऊ झालेली त्या चिठ्ठीची झेरॉक्स.

“असूं दे ना तुमचा कायदा,” ते म्हणाले. “ही नसती तर?”

मला उत्तर देता आलं नाही. शर्टाचे पैसे दिले आणि निघालो.